बिनकण्याची वावडी

कणा नसणे हे मराठीत माणसाच्या बाबतीत दूषण समजले जाते. गेली काही वर्षे आम्ही ज्या गोष्टीच्या नादी लागलो आहोत तिला मात्र कणा नसतो, कमान नसते, एक काडीसुद्धा नसते. फासळ्या असतात, पण त्याही कापडाच्या. जमिनीवर ठेवली तर ती धुऊन टाकलेल्या उशीच्या अभ्र्यासारखी पडून राहते. वाऱ्याकडे तोंड केले की तिच्या कप्प्यांत हवा शिरते, ती फुगते, ताठ होते आणि वर जाते. तिला आकार असा जो येतो तो वारा आणि दोऱ्या यांच्या ओढाताणीतून येतो. हवेत असेपर्यंतच तो टिकतो. अशा पतंगाला मऊ पतंग म्हणावे की कापडी पतंग, याचा निर्णय आम्हाला करता आला नाही. घरात आम्ही तिला ‘वावडी’ म्हणतो. त्याचे कारण भाषाशास्त्रीय नाही. आमच्या घरात ‘पतंग’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती.

१४ जानेवारी २०१४ ला, संक्रांतीच्या संध्याकाळी, आमचा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून घरी येत होता. उड्डाणपुलावर आडव्या आलेल्या नायलॉन मांजाने त्याचा गळा कापला. श्वासनलिका थोडक्यात वाचली. चौदा टाके पडले. आवाज परत यायला तीन महिने लागले, आणि आला तो पूर्वीचा नव्हता. गणपतीत आरती वरच्या पट्टीत सुरू करण्याचा मान त्याचा असे. तो आता टाळ वाजवतो.

त्या संध्याकाळी आम्ही कुठे होतो? गच्चीवर. हातात नायलॉनचीच फिरकी होती. दुपारपासून आमचे सात पतंग कटले होते, आणि दर वेळी पतंगाबरोबर शे-दोनशे हात मांजा वाऱ्यावर वाहून कुठल्या तरी झाडावर, तारेवर, रस्त्यावर पडला होता. तो पूल आमच्या गच्चीपासून जेमतेम अर्ध्या कोसावर, आणि त्या दिवशीचा वारा त्याच दिशेचा. भावाच्या गळ्यात अडकलेला तुकडा कोणाचा होता हे कोणालाच कळणे शक्य नव्हते. शहरात हजारो फिरक्या सुटल्या होत्या. आम्ही कोणाला काही विचारले नाही, आणि कोणाला काही सांगितलेही नाही. रात्री दवाखान्यातून परत आल्यावर माळ्यावरच्या सगळ्या फिरक्या जाळल्या. नायलॉन जळत नाही, वितळते. त्याचा काळा गोळा बरेच दिवस अंगणात पडून होता.

जुलै २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरीही दर जानेवारीत वर्तमानपत्रात कोणाच्या तरी गळ्याची बातमी येतेच. ते पान आई कोणाच्या हाती लागू देत नसे.

घरातला हा मौनाचा करार मोडला तो पुतणीने. अपघातानंतर काही महिन्यांनी तिचा जन्म झाला. त्यामुळे वडिलांच्या गळ्यावरची रेघ तिच्या दृष्टीने त्यांच्या नाकासारखीच, पहिल्यापासून असलेली. २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही तिला घेऊन कामशेतला गेलो होतो. तिथल्या टेकडीवरून पॅराग्लायडर सुटत होते. ती बराच वेळ तोंड वर करून पाहत राहिली आणि म्हणाली, “काका, केवढे मोठे पतंग! ह्यांची दोरी कोणी धरलीय?” दोऱ्या खालच्या माणसाच्या अंगाला बांधलेल्या असतात हे आम्ही तिला सांगितले. पुढचा प्रश्न सरळ होता. “मग आपल्याच घरात पतंग का नाही?”

तिचा पहिला प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. पॅराग्लायडर हा खरोखरच पतंगाचा वंशज आहे. डोमिना जालबर्ट या अमेरिकेत स्थायिक झालेल्या गृहस्थांनी आयुष्यभर फुगे आणि पतंग यांवर काम केले. विमानाच्या पंखाचा छेद कापडी कप्प्यांनी साधायचा, पुढची बाजू उघडी ठेवायची आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यानेच तो पंख फुगवायचा, ही त्यांची कल्पना. १९६४ साली त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६६ साली ते मिळाले. त्याला पॅराफॉइल म्हणतात. आजची चौकोनी हवाई छत्री आणि पॅराग्लायडर ही त्याच घराण्यातली. त्याआधी, १९४८ साली, व्हर्जिनियात फ्रान्सिस रोगॅलो या अभियंत्याने पत्नी गर्ट्रूड हिच्यासह घरच्या घरी एक काडीविरहित पतंग केला. सरकारी प्रयोगशाळेत नोकरी असूनही हे काम त्यांना फावल्या वेळात करावे लागले. घरातल्या पंख्याच्या वाऱ्यावर चाचण्या झाल्या, आणि पहिल्या पतंगाचे कापड स्वयंपाकघरातल्या फुलाफुलांच्या पडद्याचे होते. शिवले अर्थातच गर्ट्रूडबाईंनी. ही हकीकत वाचली तेव्हा आमच्याही घरात आईचे पायमशीन आहे याची आम्हाला आठवण झाली.

परंतु यंत्रापाशी जाण्यापूर्वी एक गोष्ट स्वतःशी नीट समजून घेणे भाग होते. आपल्याकडचा संक्रांतीचा पतंग मुळात अस्थिर असतो, आणि तो तसा असावा म्हणूनच घडवलेला असतो. चौकोनी कागद, मधली कामटी, आडवी कमान, शेपूट नाही. दोरी सैल सोडली की तो जागच्या जागी गिरकी घेतो. ज्या क्षणी त्याचे टोक हव्या त्या दिशेला येते त्या क्षणी दोरी ताणायची, की तो त्या दिशेला बाणासारखा सुटतो. ढील आणि खेच या दोन क्रियांतच त्याचे सगळे चालन आहे. त्याच्या पोटाशी दोरी जिथे बांधतात त्या जोडणीला आमच्या भागात मंगळसूत्र म्हणतात. तिथली गाठ तसूभर वर-खाली करून पतंग शांत की चपळ हे ठरवता येते. चांगला खेळाडू तो चपळच ठेवतो. असा पतंग हाताचा गुलाम असतो. हात काढला की तो गोते खात खाली येतो. काटाकाटीसाठी हेच हवे.

ओझे उचलणारा पतंग, म्हणजे ज्याच्या दोरीवर कॅमेरा, वारादर्शक यंत्र किंवा नुसती रंगीत झालर टांगायची तो, याच्या अगदी उलट. आर्थर बातू यांनी १८८८ साली फ्रान्समध्ये पतंगाला कॅमेरा बांधून छायाचित्र घेतले. मार्कोनी यांनी १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकला तो पतंगाने उचलून धरलेल्या तारेवर. या पतंगांकडून अपेक्षा एकच: वर जावे आणि तिथे राहावे. झुळूक आली, कलला, तर आपण होऊन सावरावे. अशा पतंगाची परीक्षा म्हणजे दोरी खुंटीला बांधून चहा प्यायला जाता आले पाहिजे. आमच्या पंचवीस वर्षांच्या पतंगबाजीत, हात काढून घेता येईल असा पतंग करावा हे आमच्या मनातही आले नव्हते.

मोल्सवर्थच्या कोशात वावडी हा शब्द कागदी पतंग या अर्थाने आहे. आज तो बहुतेकांना अफवेपुरता माहीत. वावड्या उठतात, उठवल्या जातात. शब्द रिकामाच पडला होता, तो आम्ही उचलला.

कापडाचा शोध सोपा निघाला. बाजारात ज्याला सरसकट ‘पॅराशूट कापड’ म्हणतात त्यातले, चौकटीची वीण असलेले, हलके आणि हवा न गळणारे पाहून घ्यायचे. तोंडाने फुंकर मारून पलीकडे हात धरला की कळते. माप ठरले दीड मीटर रुंद आणि एक मीटर लांब. पाच कप्पे, म्हणजे सहा फासळ्या. फासळीचा आकार पुठ्ठ्यावर काढून घेतला आणि डाग देण्याच्या तापलेल्या इस्त्रीने, म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाले वापरतात तिने, कापड कापले. त्याने कड वितळून बंद होते, दशा सुटत नाहीत. कडेच्या दोन आणि मधल्या दोन फासळ्यांना खालून प्रत्येकी तीन त्रिकोणी तुकडे जोडायचे. या बारा टोकांना बारा दोऱ्या, आणि त्या सगळ्या एका कडीत.

शिवायला आम्ही स्वतः बसलो. हे कापड बोटांखालून पाण्यासारखे सरकते. दोन दिवसांत आम्ही तीन सुया मोडल्या आणि एक फासळी उलटी शिवली. आई दारातून पाहत होती. हे काय चालले आहे हे तिला पहिल्याच दिवशी कळले होते. दोन दिवस ती आमच्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने उसवलेली शिवण हातात घेऊन उजेडात धरली.

“हे कोणी शिवलं? तू?”

“हो.”

“ऊठ तिथून.”

आम्ही उठलो. तिने चष्मा पुसला, टाका मोठा केला, आणि ‘ह्या कळ्या आधी जोडायच्या असतात, मग अंग,’ एवढेच बोलून पाय चालू केला. त्रिकोणी तुकड्यांना कळ्या हा शब्द तिचा. झग्याच्या कळ्या आणि वावडीच्या कळ्या तिच्या दृष्टीने एकाच जातीच्या. शेवटची शिवण मारून दोरा दाताने तोडल्यावर मात्र ती म्हणाली, “दोरी कसली लावणार?” आम्ही आणलेली दोरी तिच्या हातात दिली: पॉलिएस्टरची, विणलेली, दोन मिलिमीटर जाडीची, मच्छीमारी सामानाच्या दुकानातली. तिने ती बोटांवरून ओढून पाहिली, मग मनगटावरून. मग काही न बोलता परत दिली.

खरे काम यानंतर सुरू झाले. शिवलेली वावडी ही वावडी नव्हेच; ती जुळवावी लागते, सतार जुळवतात तशी. पहिले कोष्टक असे: पुढच्या दोऱ्या लांब केल्या तर तोंड वर होते, वावडी वारा अधिक अडवते, ओढ वाढते आणि ती खालच्या कोनात राहते. पुढच्या दोऱ्या आखूड केल्या तर ती सपाट होते, उंच चढते, ओढ कमी होते. पण तोंड फार खाली गेले तर एखाद्या संथ क्षणी ती डोक्यावर येते, पुढची कड दुमडते आणि चिंधीसारखी कोसळते. या दोहोंमध्ये बोटभर जागा असते. ती सापडावी म्हणून कडीजवळ एका आखूड दोरीला अर्ध्या-अर्ध्या इंचावर गाठी मारून ठेवल्या. फासा या गाठीवरून त्या गाठीवर सरकवायचा, उडवायची, वहीत लिहायचे. एका वेळी एकच बदल. दोन केले की काय बदलले हे कळत नाही, ही गोष्ट आम्ही दोन केल्यावरच शिकलो.

हे साधले, पण वावडी उजवीकडे कलत होती. हलक्या वाऱ्यात थोडी, जोराच्या वाऱ्यात इतकी की अर्धवर्तुळ काढून जमिनीवर येई. याचे कारण आम्हाला नंतर कळले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. सुमारे वीस किलोमीटरच्या वाऱ्यात जी वावडी दोन किलोने ओढते ती चाळीसच्या वाऱ्यात आठ किलोने ओढते. तिचे वजन मात्र तेवढेच राहते. डाव्या-उजव्या बाजूंतला जो फरक मंद वाऱ्यात वजनाच्या आड लपतो, तो जोराच्या वाऱ्यात लपत नाही.

तो फरक शोधण्यात आमचे सहा आठवडे गेले. आधी वाऱ्याला दोष दिला. आमच्या भागात दुपारी माळ तापतो, गरम हवेचे लोट उठतात आणि वारा कुठूनही येतो, त्यामुळे ही सबब बरी होती. मग कापडाला दोष दिला. मग, सांगायला लाज वाटते, आईच्या शिवणीला. वावडी मधोमध दुमडून कडा जुळवल्या, फासळी न् फासळी मोजली. आईच्या शिवणीत दोन मिलिमीटरचाही फरक नव्हता. मधल्या काळात आम्ही मागे कापडाचा एक लांबोडा शंकू बांधून पाहिला. त्यात हवा भरते, तो मागे ओढत राहतो आणि वावडी सरळ दिसते. सरळ दिसते, पण उंची जाते आणि मूळ खोट तशीच राहते. पंधरा दिवस आम्ही त्या शंकूवर समाधान मानले.

शेवटी मोजायच्या राहिल्या होत्या त्या आमच्या स्वतःच्या दोऱ्या. बारापैकी सहा एका रिळातल्या, सहा दुसऱ्या. दुसरे रीळ कोरे होते. कोरी विणलेली दोरी पहिल्या काही ताणांत थोडी लांबते. उजव्या बाजूच्या दोऱ्या डावीपेक्षा आठ मिलिमीटर लांब झाल्या होत्या. दोरी कापण्यापूर्वी तिला वजन टांगून रात्रभर ताणून ठेवावे, हा साधा नियम आम्ही पाळला नव्हता. त्या रात्री न्हाणीघरात पाण्याने भरलेली बादली नव्या दोरीला टांगली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो. नऊ वर्षांपूर्वीही आम्ही दोष वाऱ्याला, बाजाराला, सरकारला, पुलावर जाळी न बसवणाऱ्यांना, सगळ्यांना देऊन पाहिला होता. आपल्या दोरीपाशी काही आलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी भावाला सांगितले. वावडीबद्दल नव्हे. त्या दिवशी गच्चीवर आमच्या हातात काय होते, आमचे किती पतंग कटले आणि वारा कुठल्या दिशेचा होता, ते सगळे. तो ऐकत राहिला. मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, “दादा, मला माहीत होतं. मागच्या वर्षीपर्यंत मीही तीच फिरकी धरत होतो की.” थोड्या वेळाने, “माहीत असणं आणि तू सांगणं ह्यात फरक आहे,” असेही म्हणाला. तो फरक किती मोठा, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही सगळे गुहागरला गेलो. तिथला किनारा सरळ आणि लांब आहे. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा सुरूच्या झाडांतून तुटक तुटक येतो, त्यात काही करू नये. दुपारी खारा वारा सुरू झाला की तो समुद्रावरून येतो, वाटेत त्याला अडवायला काही नसते, आणि संध्याकाळपर्यंत एका सुरात वाहतो. वाळूची पोती भरून खुंटीच्या जागी पुरली. दोरीला दर दोन मीटरवर केशरी कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या, माणसांना आणि पाखरांना दिसावी म्हणून. वर विजेच्या तारा नाहीत, जवळ रस्ता नाही हे पाहून घेतले. १९३४ च्या विमान कायद्यातल्या व्याख्येत पतंगही येत असे, आणि तोपर्यंत तोच कायदा लागू होता. त्या अर्थाने आईने विमानच शिवले होते. तिला हे सांगितल्यावर ती हसली नाही, पण तिने ते भावाच्या बायकोला पुन्हा सांगितले.

वावडी पन्नास मीटरवर जाऊन थांबली. डावीकडे थोडी झुकली, सावरली. उजवीकडे झुकली, सावरली. दोरी पोत्याला बांधली आणि आम्ही हात काढून घेतले. पुतणी खाली बसून दोरीला कान लावून पाहत होती. ताणलेली दोरी गुणगुणते. भाऊ मात्र दूर उभा होता. शर्टाचे वरचे बटण लावलेले. अर्ध्या तासाने तो जवळ आला, दोरीला आधी एक बोट लावले, मग मूठ.

“ही कापत नाही?”

आम्ही खरे तेच सांगितले. ही धारदार नाही. पण ताणलेली कुठलीही दोरी हातातून सरकली तर भाजते, आणि गळ्याशी तर ती येऊच द्यायची नाही. हातमोजे घालायचे, दोरी काखेखाली ठेवायची, वाऱ्याकडे लक्ष ठेवायचे. त्याने मान हलवली.

ऊन उतरू लागले तसा वारा वाढला. इतकी ओढ असली की वावडी हाताने गुंडाळत खाली आणता येत नाही. तिला चालत आणावे लागते. एक टोक बांधलेले राहू द्यायचे आणि माणसाने दोरीवर हात टाकून, तिला खाली दाबत, वावडीच्या दिशेने चालत जायचे. तो जसा पुढे जातो तशी ती खाली येते. आम्ही हातमोजे चढवू लागलो तर भावाने ते मागून घेतले. दोरी काखेखाली घेऊन तो चालू लागला, सावकाश, एकेक केशरी पट्टी मागे टाकत. आई पोत्यापाशी बसून पाहत होती. वावडी त्याच्या डोक्यावर आली, मग खांद्याशी. त्याने तिचे तोंड दोन्ही हातांनी मिटले, तशी तिच्यातली हवा गेली, आणि तो ती घडी घालत परत आला.